हळदी रंगाचा आडोसा

११ जुलै २०२५, शुक्रवार

कावळा शिवला नाही.

काल इंदूचं दहावं झालं. टूनगॅबीच्या ओढ्याजवळच्या पार्कात, सकाळी, इथे जुलैत हिवाळा म्हणून अंगात दोन स्वेटर घालून. राघव गुरुजी आले होते. ते एरवी सॉफ्टवेअरच्या कामात असतात, काल रजा टाकून आले. धोतरावर जाकीट. पिंड मांडले, आम्ही मागे सरलो. समोरच्या निलगिरीवर दोन कावळे बसले होते. इथला कावळा आपल्यापेक्षा थोराड, डोळा पांढरा, आणि का-का करत नाही. लहान मूल रडून थकलं की शेवटचा सूर जसा लांबवतं, तसा ओरडतो.

राजीव म्हणाला, "आई, आमची काळजी करू नकोस." सुनेने, चित्राने, नुसते हात जोडले. मी मोठ्याने म्हणालो, "इंदू, तुला कऱ्हाडला नेतो. संगमावर नेतो. मीही तिथेच राहतो." कावळ्याने फांदीला चोच पुसली.

तेवढ्यात तो उंच पांढरा, वाकड्या चोचीचा पक्षी आला. कचऱ्याचे डबे उपसत हिंडतो म्हणून त्याला इथे बिन चिकन म्हणतात. तो थेट पिंडावरच. गुरुजी धोतर सावरत त्याच्यामागे धावले, "शू, शू, गो अवे!" नुपूर फस्सकन हसली आणि हसता हसता रडायला लागली. नातीचं ते रडणं पाहून मग सगळेच रडलो. राजीव पार्किंगची वेळ बघत होता.

गुरुजी म्हणाले, "काका, शास्त्रात सोय आहे." दर्भाचा कावळा केला आणि शिववला. झालं.

मी पाटबंधारे खात्यात जन्मभर कागदावर कालवे काढले. कागदावरच्या कालव्यात पाणी नसतं, एवढं मला कळतं.


१५ जुलै, मंगळवार

तिच्या मनात काय राहिलं ते मी जाणतो. तिला परत जायचं होतं. सात वर्षं झाली इथे येऊन. तोंडाने कधी बोलली नाही, पण दुपारी मी आडवा झालो की ती मागच्या दाराने अंगणात जाऊन बसायची, नळाजवळच्या स्टुलावर. एकदा मला मध्येच जाग आली तेव्हा जाळीच्या दारातून पाहिलं होतं. हळदी रंगाची सुती साडी, वर राजीवचा जुना स्वेटर, आणि नजर कुंपणापलीकडे. किती एकटी दिसली होती. मी हाक मारली नाही. परत येऊन दोन ओळी लिहिल्या होत्या:

दूरच्या देशी दुपार उन्हाची,
कुंपणावरती सावली कुणाची?

पुढच्या दोन जुळल्याच नाहीत. तिला वाचून दाखवल्या तर म्हणाली, "यमक जुळलं ना? मग आता चहा घ्या."

शाळेत आम्हाला कविता पाठ असायच्या. गुरुजी छडीने टेबलावर ठेका धरायचे आणि साठ पोरं एका सुरात पाखरांची, नदीची, माहेराची कविता म्हणायची. अर्थ कळायचा नाही, पण शेवटची ओळ संपली की मी खिडकीबाहेर बघत राहायचो. त्या दुपारी जाळीच्या दारातून तसाच बघत राहिलो होतो.


२० जुलै, रविवार

घरीच पान ठेवून पाहायचं ठरवलं. चित्राने भात केला, वर काळे तीळ. मी पान कुंपणाजवळच्या सिमेंटवर ठेवलं आणि दारात उभा राहिलो.

विजेच्या खांबावर कावळा होता. मी दार सरकवलं तेव्हाच उडाला. परत आला, मला पाहिलं आणि पुन्हा उडाला. मी आत खुर्चीत बसलो, पडद्याआड गेलो, सोफ्याच्या मागे बसलो. (गुडघ्यांनी नंतर त्याची किंमत वसूल केली.) शेवटी भात मैनांनी खाल्ला.

शेजारचा नोएल कुंपणावर कोपरं टेकून हे सगळं बघत होता. नोएल माझ्याच वयाचा, विधुर, तरुणपणी रिव्हरिना भागातल्या भातशेतीत बदकं मारायचा. त्याचं बोलणं मी इथे मराठीतच लिहितो, फक्त त्याचं 'मेट', म्हणजे मित्रा, तेवढं तसंच ठेवतो.

"रवि, मेट, काय करतोयस?"

मी सांगितलं. इंग्रजीत सांगताना ते फार विचित्र ऐकू येतं. बायको, भाताचा गोळा, कावळा. पण तो हसला नाही. टोपी काढली.

"तुला बघून नाही येणार ते," म्हणाला. "इतकी वर्षं पाण्याचा पाइप घेऊन कोण धावतंय त्यांच्या मागे? तुझा चेहरा पाठ आहे त्यांना."

खरं आहे ते. माझे टोमॅटो मी राखले. या गल्लीत माझ्याइतके टोमॅटो कोणाचे टिकत नाहीत. पण त्याचा इथे काय संबंध?

"तुझ्या मिसेसना ही अडचण आली नसती," नोएल म्हणाला.

तिला कशाला येईल? ती थोडीच पाइप घेऊन धावायची.


२६ जुलै, शनिवार

राजीवने तिकीट काढलं. चोवीस सप्टेंबर, एकेरी. अस्थींचा कलश माझ्या हातातल्या बॅगेत जाईल. सध्या तो गॅरेजमध्ये वरच्या फळीवर आहे, कॅम्पिंगच्या तंबूशेजारी.

"बाबा, एकदा परत विचार करा," राजीव म्हणाला.

"केलाय."

"तिकडे आता तुमचं कोण आहे?"

"तुझी आई असेल."

तो लॅपटॉप मिटून उठला. त्याच्या वागण्यात माया कमी असं नाही, पण सगळं उरकल्यासारखं असतं. स्मशानातसुद्धा सह्या करायला पेन त्याच्याच खिशात होतं.

चित्रा मागाहून म्हणाली, "बाबा, आई म्हणाल्या होत्या का कधी, परत जायचं म्हणून?"

"सगळंच बोलून दाखवावं लागतं का?"

ती पोळ्या लाटत राहिली. शेवटी कणकेचा एक उंडा उरला तो तिने डब्यात टाकला. म्हणाली, "आईंची एक पोळी नेहमी जास्तच व्हायची. मला तसा अंदाज येत नाही."

ठरवलंय. तिला इथून मोकळी करून न्यायचं. मन अडकलेलं असताना नुसती राख नेऊन काय उपयोग? जाण्याआधी कावळ्याने शिवायलाच हवं.


३ ऑगस्ट, रविवार

नोएलने उपाय सांगितला. शिकारी लोक पक्ष्याला दिसू नये म्हणून आडोसा करतात. तो त्याला हाइड म्हणतो. दुकानात तयार मिळतो, पण म्हणे पैसे फुकट घालवू नकोस, घरीच कर.

मी ड्रॉइंगबोर्ड काढला. किती वर्षांनी! पेन्सिलीला टोक केलं, टी-स्क्वेअर पुसली. नोएल सांगत गेला, मी काढत गेलो. वायरिंगचे पातळ प्लॅस्टिकचे पाइप घ्यायचे, ते वाकतात. चार कमानी. खाली चौकट, कोपऱ्यांना एल्बो, सांध्यांना केबल टाय. वर हिरवी शेडनेट. माणूस आत खुर्चीवर बसेल एवढीच उंची, जास्त नको. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत एक फट. आणि पाठीमागची बाजू काळ्या कापडाची, नाहीतर मागून उजेड येतो आणि फटीतून माणसाची सावली दिसते.

"सगळे इथेच चुकतात," नोएल म्हणाला. "पुढचं झाकतात, मागचं विसरतात."

नकाशा सुरेख झाला. खाली सवयीने सही केली, आणि 'तपासणार' म्हणून जागा सोडली. तिथे ती कायम चहाचा कप ठेवायची. कऱ्हाडच्या घरातल्या सगळ्या नकाशांवर त्या जागी गोल डाग आहेत.


१० ऑगस्ट, रविवार

सांगाडा उभा राहिला. एका हाताने उचलता येतो, पिसासारखा. शाळेत भिंगाच्या कागदाचा आकाशकंदील करायचो तेव्हा असाच आनंद व्हायचा. आणि तो झाला म्हणून दिवसभर अपराध्यासारखं वाटत राहिलं. बायको जाऊन सव्वा महिना झाला आणि मी पाइप जोडतोय, शीळ घालतोय!

नुपूर युनिव्हर्सिटीतून आली. "आबा, धिस इज सो कूल! कुठे कॅम्पिंग?"

"कावळ्यासाठी आहे."

"ओह." मग जवळ येऊन म्हणाली, "आजीला आवडलं असतं. शी लव्ह्ड इट आउट हिअर."

पोरीला काय कळणार? आवडणं वेगळं आणि मन रमवणं वेगळं.


१७ ऑगस्ट, रविवार

आडोसा आठवडाभर तसाच उभा ठेवायचा होता, पक्ष्यांच्या नजरेला सवय व्हावी म्हणून. आज पहिला दिवस बसायचा.

नोएलने युक्ती सांगितली. दोघांनी आत जायचं, थोड्या वेळाने एकाने बाहेर पडून निघून जायचं. पक्ष्यांना मोजता येत नाही, त्यांना वाटतं आडोसा रिकामा झाला. म्हणून राजीवला घेतलं. दोघे आत. एक खुर्ची. तो खाली गवतावर बसला, गुडघे छातीशी घेऊन. कमानीखाली त्याचं डोकं माझ्या कोपराशी आलं. टक्कल पडायला लागलंय. मला माहीतच नव्हतं.

बराच वेळ तो निघालाच नाही.

"जा की आता," मी कुजबुजलो.

"बसतो थोडा." मग म्हणाला, "बाबा, त्या दिवशी मी पार्किंग बघत होतो, ते तुम्हाला आवडलं नाही ना?"

"छे."

"मला दुसरीकडे कुठे बघावं कळत नव्हतं."

फटीतून कुंपण पाहत राहिलो.

"आई इथे दुःखी नव्हती हो बाबा. मला फोन करायची ऑफिसात, दुपारी. रोज हसत असायची. मी विचारायचो काय चाललंय, तर म्हणायची, पाहुणी आलीये, ठेव फोन."

"कुठली पाहुणी? दुपारी आपल्याकडे कोण येतं?"

"तेच. मला वाटायचं नोएलशी बोलते कुंपणावरून."

नोएल पाहुणी कसा होईल? मुलाला बरं वाटावं म्हणून काहीही सांगायची ती. आई होती.

शेवटी तो गेला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, उठायला आधार म्हणून असेल. कावळा खांबावरच बसून राहिला. मी म्हणालो, "इंदू, तिकीट काढलंय. चोवीस तारखेचं." तो त्याच्या त्या पांढऱ्या डोळ्याने थेट फटीकडे पाहत होता.

नोएलला सांगितलं तर हसला. "बदकांना मोजता येत नाही. कावळ्याला येतं. मी सांगायला विसरलो."


२४ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर रोज बसलो. रोज वेगळं वचन दिलं. कऱ्हाडच्या घराला रंग देईन. तुझ्या बहिणीकडे जाऊन येईन. तुळस पुन्हा लावीन. संगमावर दिवा सोडीन. कृष्णेचं पाणी, घाटाच्या पायऱ्या, तिथला वारा, सगळं तिला सांगितलं. भात मैनांनी खाल्ला.

एवढं सांगूनही काही उरतंच का? आणखी काय हवंय तिला?

बसून बसून तिचे हात आठवतात. उजव्या अंगठ्याच्या पेरावर कायम ओरखडे असायचे. विचारलं की म्हणायची, किसणी लागली. मी म्हणायचो, मशीन आणू किसायला. नको म्हणायची. हॉस्पिटलात बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावताना नर्सने तो अंगठा उलटसुलट करून पाहिला होता. इंदू तेव्हा माझ्याकडे बघून हसली. तिचं शेवटचं हसणं तेच. मी विचार केला, दुखत असून मला धीर देतेय.


३० ऑगस्ट, शनिवार

परवापासून पश्चिमेचा वारा सुटलाय. ऑगस्टात सुटतोच इथे. आज सकाळी पाहतो तर शेडनेट फाटून नोएलच्या लिंबावर, काळं कापड बेपत्ता, आणि नुसत्या कमानी उभ्या. एखाद्या जनावराच्या बरगड्या असाव्यात तशा. नोएल म्हणाला, परत आण जाळी. पण माझ्यातला जोर गेला. आता तीन आठवडे उरले.


७ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष लागला. राघव गुरुजींना फोन केला. म्हणाले, "काका, पहिल्या वर्षी पक्ष घालत नाहीत."

"नुसतं पान ठेवलं तर?"

"पान ठेवायला कोणाची हरकत असणार?" मग म्हणाले, "काका, झालंय हो सगळं. काकू गेल्या पुढे."

चांगला मुलगा आहे. पण त्याची आई पुण्यात ठणठणीत आहे.


१३ सप्टेंबर, शनिवार

चित्रा आज इंदूचं कपाट आवरत होती. मीच सांगितलं होतं, मी जायच्या आत आवर. चांगल्या साड्या इंदूच्या बहिणीला, बाकीच्या ऑप शॉपला, म्हणजे दान दिलेले जुने कपडे विकणाऱ्या दुकानाला. काळ्या पिशव्या दारात ठेवल्या होत्या. एका पिशवीतून हळदी रंग डोकावत होता. तीच, दुपारची. काठ विटलेला, मधे दोन ठिकाणी रफू.

"ही कुठे चालली?"

"बाबा, ती फारच जुनी झालीये."

मी ती काढून घेतली. वास घेतला. साबणाचाच होता, दुसरा कसला नाही.

बागेत जाऊन कमानींवर टाकली. पाच वार बरोबर पुरली, जणू मोजूनच काढला होता तो नकाशा. पदर मागच्या बाजूला दुहेरी घेतला, उजेड येऊ नये म्हणून. पुढे फटीपुरती निरी मोकळी सोडली. केबल टायऐवजी चित्राचे कपडे वाळत घालायचे चिमटे लावले.

नोएल कुंपणावर आला आणि डोक्याला हात लावला. "पिवळा? मेट, हे तर पॅरामॅटाहून दिसेल! पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षा चांगले दिसतात."

"माहीत आहे."

"मग?"

"दुसरं कापड नाही."

तो साडीकडे पाहत राहिला. जरा वेळाने आवाज बदलला त्याचा. "ही तिचीच ना? मग राहू दे," म्हणाला. "राहू दे, रवि. हीच राहू दे."

त्यालाही त्याची बायको आठवली असावी.


१८ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस. बसलो नाही. बॅग भरली. पुस्तकं जड होतात म्हणून शाळेतली कवितेची वही तेवढी घेतली. कलशाला बॅगेत जागा करून ठेवली आहे, स्वेटरांच्या मध्ये. साडी भिजली असेल. उद्या वाळेल.


२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.

नीट लिहायला हवं.

चित्राने सकाळीच स्वयंपाक केला. खीर, वडे, भात, आमटी, भोपळ्याची भाजी. पान मांडून मी आडोशासमोर ठेवलं, चांगलं दहा पावलांवर, नोएलने सांगितलं होतं तसं. सकाळभर बसलो. कावळा आला नाही. जेवायला बोलावलं तर गेलो नाही. चित्राने पोळीला तूप-साखर लावून, गुंडाळी करून हातात आणून दिली आणि गेली.

दुपार झाली. घरात सामसूम. ऊन साडीतून आत येत होतं आणि सगळं हळदी झालं होतं, माझे हात, धोतर, गवत. लग्नात हळद लागल्यावर कऱ्हाडच्या मांडवात असाच उजेड होता. मला वचन आठवेना. एवढी दिली होती, एकही आठवेना. रागच आला. "इंदू," मी म्हणालो, "काय हवंय ते सांग बाई आता. मला नाही कळत. मला कधीच कळलं नसेल." आणि भूक लागली होती म्हणून पोळी खायला लागलो.

तेव्हा तो आवाज आला. लांबवलेला, रडका. कुंपणावर कावळा उतरला. तिथून खाली गवतावर. पानाकडे गेला नाही. खीर, वडे, कशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पानाला वळसा घालून तो चालत आला, हो, चालत, डुलत, ओळखीच्या घरी चप्पल काढून आत यावं तसा. थेट आडोशाशी. नळाजवळच्या स्टुलाशी क्षणभर थांबला, मग निऱ्यांशी आला. मान तिरकी करून साडीकडे पाहिलं. मग बारीक आवाज काढला, घशातल्या घशात. तसला आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

पोळीचा तुकडा हातात होता. मी ठरवलं नाही. हात आपोआप फटीतून बाहेर गेला.

कावळा मागे सरला. माझा हात पाहिला त्याने. हात केसाळ, म्हातारा, पाइप धरणारा. साडीकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे. किती वेळ गेला कोण जाणे. मग पुढे येऊन त्याने तुकडा घेतला. सवयीने घेतला, अगदी टोकाने. पण मला तुकडा कसा धरावा ते माहीत नव्हतं, त्यामुळे चोचीचं टोक अंगठ्याला लागलं. उजव्या. पेरावर.

त्याने तुकडा खाल्ला आणि तिथेच उभा राहिला. आणखी हवी होती त्याला. मी सगळी पोळी दिली. संपल्यावर तो पाठ फिरवून गेला, जाताना पानावरचा वडा घेऊन गेला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते त्याने असं जाता जाता केलं, आणि मी तिकडे नीट पाहिलंही नाही. मी माझ्या अंगठ्याकडे पाहत होतो.

कितीतरी वेळ आत बसून राहिलो. दुपारी मी झोपायचो. ती रोज एक पोळी जास्त लाटायची. त्या दोन ओळी मी तिला वाचून दाखवल्या होत्या, कुंपणावरती सावली कुणाची म्हणून, आणि तिने मला चहा दिला होता.

एवढं सांगायला तिला माझी भीती वाटली? की तिचं तिला एवढंच एक हवं होतं, माझ्या कवितेत न येणारं?


२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी राजीव कामाला निघताना म्हणालो, "ते तिकीट पुढे ढकलता येतं का बघ."

तो बूट घालता घालता थांबला. "किती पुढे?"

"बघू. दुपारी घरात कोणीतरी लागतं."

"कशाला?"

"लागतं."

"आणि आईला संगमावर..."

"नेऊ. सगळे मिळून नेऊ, नुपूरला सुट्टी लागली की. आणि परत येऊ."

त्याने दुसरा बूट घातला, लेस बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "बघतो," म्हणाला आणि मान खाली ठेवूनच बाहेर गेला.

बॅगेतून कलश काढला. गॅरेजमध्ये नेला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आहे, तिथून स्टूल दिसतं. पाइपाचं रीळ नोएलला देऊन टाकलं. त्याने घेतलं, कारण विचारलं नाही.

दुपारी झोपलो नाही. आडोशात बसलो. पाहुणी आली.

संध्याकाळी चित्रा पोळ्यांना बसली. मी पाणी प्यायला गेलो तर तिने माझा हात धरला. "बाबा, हे काय लागलं?"

"किसणी," म्हणालो.

तिने अंगठा उजेडात धरला. या घरात किसणी कुठल्या खणात असते ते मला ठाऊक नाही, आणि ते तिला ठाऊक आहे. हळद लावून माझा हात सोडला, डोळे बाहीला पुसले, आणि कणकेचा एक उंडा जास्त तोडला.